झाडांनी काढलेले उन्हाळे

खडकाचा पापुद्रा उलगडून आत पान दिसलं की आपली नजर आधी शिरांवर जाते. अशी पानं वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ती माणसं मात्र आधी कड बघतात. कड अखंड आहे की दातेरी? १९१५-१६ च्या सुमारास आयर्विंग बेली आणि एडमंड सिनॉट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या जंगलांतली झाडं ताडून पाहिली आणि एक साधा, पण फार उपयोगी मेळ दाखवून दिला. जंगल जितकं उबदार प्रदेशातलं, तितक्या तिथे अखंड कडेच्या पानांच्या जाती जास्त. थंडीकडे सरकावं तशी दातेरी पानं वाढत जातात. एकट्यादुकट्या पानावरून काहीच ठरत नाही. पण एकाच थरातून पंचवीस-तीस जातींची पानं हाती लागली, तर त्यांतल्या अखंड कडांचा हिस्सा मोजून त्या काळी तिथलं वर्षाचं सरासरी तापमान साधारण किती होतं हे सांगता येतं. पान मोठं की लहान, यावरून पावसाचा अदमास बांधता येतो.

या गोष्टीचं मला अजून अप्रूप वाटतं. तापमापकाला जेमतेम चारशे वर्षं झाली. त्याआधीच्या कोट्यवधी वर्षांचं ऊन जमिनीवर कुणी टिपून ठेवलं असेल, तर ते सावलीला उठून जाता न येणाऱ्या या जिवांनी. प्राचीन काळी पृथ्वी तापली तेव्हा वनस्पतींचं काय झालं, हा प्रश्न म्हणूनच मला डायनासोरांपेक्षा जास्त ओढून घेतो. त्याचं उत्तर एकच एक नाही. पृथ्वी अनेकदा जोरात तापली आहे आणि प्रत्येक वेळी झाडांची तऱ्हा वेगळी झाली.

त्यातला सगळ्यात नीट वाचता आलेला प्रसंग ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पेलिओसीन युग संपून इओसीन सुरू होत होतं. हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला. त्यामागे उत्तर अटलांटिकमधल्या ज्वालामुखींचा मोठा हात असावा, असं आज मानलं जातं. काही हजार वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने चढलं आणि सगळं पूर्वपदावर यायला दीड-दोन लाख वर्षं गेली. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात बिगहॉर्न नावाचं खोरं आहे. आज ते रखरखीत आहे. उघड्याबोडक्या टेकड्यांवर लाल, जांभळट, करडे पट्टे दिसतात; तेच त्या काळच्या नदीकाठच्या मातीचे एकावर एक बसलेले थर. स्मिथसोनियन संस्थेचे स्कॉट विंग या टेकड्यांमध्ये वर्षानुवर्षं नेमक्या तापलेल्या काळातली पानं शोधत होते. त्याच्या आधीची मिळत, नंतरची मिळत, मधलीच मिळत नव्हती. अखेर ती सापडली आणि २००५ मध्ये विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जगापुढे मांडली.

तापण्याआधी त्या खोऱ्यात मेटासिक्वोयासारखे सूचिपर्णी वृक्ष होते, भूर्जाचे आणि चिनाराचे नातलग होते. तापलेल्या थरात सूचिपर्णी जवळजवळ गायब. त्यांच्या जागी शेंगावर्गातली झाडं आली, लहान पानांची, उन्हाला आणि कोरड्या महिन्यांना सरावलेली. ही मंडळी दक्षिणेकडून, शेकडो किलोमीटर लांबून आलेली होती. मग हवा निवली आणि त्याच्या वरच्या थरात जुनी मंडळी पुन्हा हजर! भूर्जाचे नातलग परतले, मेटासिक्वोया परतला, शेंगावाले बहुतेक निघून गेले. मधल्या लाख-दीड लाख वर्षांत ही जुनी झाडं कुठेतरी तग धरून होती. उत्तरेला असतील, डोंगरउतारांवर असतील. नामशेष फारशी कुणी झाली नाहीत. एखादं जंगल आपलं घर सोडून जातं, हजारो पिढ्या बाहेर काढतं आणि घर राहण्याजोगं झाल्यावर परत येतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचवेना.

पण गेलेल्यांचं आणि परतलेल्यांचं बघताना मधे राहिलेल्यांचं विसरू नये. त्या तापलेल्या थरातली पानं कुरतडलेली आहेत. एलन करानो यांनी बिगहॉर्नच्या हजारो पानांवरच्या किडीच्या खुणा मोजल्या आणि २००८ मध्ये त्यावर लिहिलं. तापलेल्या काळात निम्म्याहून जास्त पानांना किडीने हात लावलेला होता. आधी आणि नंतर हे प्रमाण बरंच कमी. या खुणा बघण्यासारख्या असतात. काही पानांना गोल भोकं, काहींची कड खाल्लेली, काहींची शिरांमधली कोवळी जागा तेवढी खरवडलेली. आणि काहींवर नागअळीची वाट. नागअळी पानाच्या दोन पदरांच्या मधून खात जाते. वाटेच्या सुरुवातीला ती दोऱ्याएवढी बारीक असते, म्हणून वाटही बारीक. अळी वाढते तशी वाट रुंदावत जाते आणि शेवटी जरा फुगीर होऊन संपते. आज कुठल्याही भाजीच्या पानावर दिसते, अगदी तशीच वाट ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडी पानावर असते. एका अळीचं सगळं बालपण त्या रेघेत आहे.

किडी एवढ्या का माजल्या? एक तर उबेला सरावलेल्या किडीही दक्षिणेकडून झाडांबरोबर आल्या. दुसरं कारण जास्त विचार करायला लावणारं आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानात पिष्ट पदार्थ वाढतात, पण त्या मानाने नायट्रोजन, म्हणजेच प्रथिनं, कमी पडतात. पान भरपूर आणि पोषण थोडं. अळीला तेवढीच वाढ गाठायला जास्त पान खावं लागतं. कार्बन वाढला म्हणजे झाडांची चंगळ, असं बोललं जातं. त्या बोलण्यात अळी धरलेली नसते.

पानाच्या कडेवरून तापमान कळतं, तसं पानाच्या खालच्या अंगावरून हवेतला कार्बन कळतो. हे कुणालाही करून बघता येईल. ताज्या पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद सोलायची आणि ती काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मी हे अधूनमधून करते, आणि प्रत्येक वेळी तेवढीच रमते. पेशींच्या वेड्यावाकड्या फरशीत जागोजागी ओठांच्या जोडीसारखी पर्णरंध्रं दिसतात. त्यांतूनच पान कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्यांतूनच पाणी वाफ होऊन बाहेर जातं. हवेत कार्बन भरपूर असेल तर कमी रंध्रांत काम भागतं आणि पाणीही वाचतं. इयन वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये संग्रहांत जपून ठेवलेली जुनी वाळकी पानं तपासली, तेव्हा गेल्या दोनशे वर्षांत समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांवरची रंध्रं सुमारे ४० टक्क्यांनी विरळ झालेली दिसली. कारखान्यांच्या काळाची नोंद झाडांनी आपापल्या पानांवर करून ठेवली होती.

हीच युक्ती वापरून जेनिफर मॅकएल्वेन यांनी पूर्व ग्रीनलंडमधली २०.१ कोटी वर्षांपूर्वीची पानं वाचली. ट्रायासिक संपून ज्युरासिक लागण्याचा तो काळ. सगळे भूखंड जोडून झालेला अतिखंड फाटत होता, त्या भेगांतून लाव्हा वाहत होता. ग्रीनलंडच्या त्या थरांमधल्या पानांवर मेणचट बाह्यत्वचा अजून टिकून आहे. ती सोडवून स्वच्छ केली की पेशी न् पेशी दिसते. थरामागून थर चढत जावं तशी रंध्रं विरळ होत गेलेली. त्यावरून हवेतला कार्बन डायऑक्साइड चौपट झाला आणि तापमान ३ ते ४ अंशांनी वाढलं, असा हिशोब १९९९ मध्ये मांडला गेला.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. रंध्रं कमी झाली म्हणजे बाष्पही कमी बाहेर पडणार. आणि बाष्प सोडणं हाच पानाचा गारवा. बाहेर ऊन वाढलेलं आणि आत गारवा कमी, अशा कात्रीत रुंद पान सापडतं. रुंद पान उष्णता झटकन सोडू शकत नाही. त्याच्याभोवती हवेचा स्थिर थर साचून राहतो. अरुंद किंवा फाटे फुटलेलं पान वाऱ्याबरोबर लवकर निवतं. ग्रीनलंडच्या थरांत हेच दिसतं. रुंद पानांची झाडं मागे पडत गेली आणि बारीक, चिरलेल्या पानांची पुढे आली. तिथल्या मोठ्या वनस्पतींमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त जाती बदलल्या. क्लेअर बेल्चर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याला आणखी एक दुवा जोडला. बारीक पानं लवकर पेट घेतात, त्यांचा पाचोळा भुसभुशीत पडतो आणि भराभर जळतो. त्याच थरांमध्ये वणव्यातल्या कोळशाचे कण पाचपट वाढलेले सापडले. म्हणजे हवा बदलली, हवेने रंध्रं बदलली, रंध्रांनी पानाचा आकार बदलायला लावला आणि पानाच्या आकाराने जंगलातली आग बदलली. एका सूक्ष्म छिद्रापासून वणव्यापर्यंतची ही साखळी मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त खरी वाटते.

आता मागे, २५.२ कोटी वर्षांपूर्वी. पर्मियन युगाचा शेवट. पृथ्वीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा संहार समुद्रातल्या जिवांसाठी प्रसिद्ध आहे, पण जमिनीवरचा घाव त्याच्या आधीच बसायला लागला होता. तेव्हा दक्षिणेकडच्या गोंडवन भूखंडावर ग्लॉसॉप्टेरिस या वृक्षाचं राज्य होतं. जिभेसारखं लांबट पान, मधे ठसठशीत शीर, बाजूला जाळीदार शिरा. भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, सगळीकडे हेच पान सापडतं आणि हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, याचा तो जुना पुरावा. दलदलीत वाढणाऱ्या या जंगलांचाच गोंडवन कोळसा झाला. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मरण पावलेल्या रॉबर्ट स्कॉट या ब्रिटिश मोहीमवीराच्या तुकडीच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसचे जीवाश्म होते. अंगात त्राण नसतानाही त्यांनी ते टाकले नव्हते.

सैबेरियात लाव्हा फुटला, वाटेतले कोळशाचे थरही त्याने पेटवले, हवा कार्बनने भरली. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी खोऱ्यात ग्लॉसॉप्टेरिसची जंगलं समुद्रातल्या मुख्य संहाराच्या सुमारे ३ लाख ७० हजार वर्षं आधीच कोसळली. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशात तर नद्यांनी वळण बदललं. मुळांनी काठ धरून ठेवलेले असतात तोवर नदी नागमोडी वाहते. मुळं गेली तशी माती सुटली, आणि नद्या अनेक उथळ फाट्यांमध्ये पसरून वाहू लागल्या. झाडं मेल्याची ही नोंद वाळूच्या थरांत आहे.

आणि मग कोळसाच सापडत नाही. सुमारे एक कोटी वर्षं जगात कुठेही कोळशाचे थर तयार झाले नाहीत, कारण तो घडवणारी दलदलीतली जंगलंच उरली नव्हती. त्यांच्या जागी प्ल्युरोमियासारख्या वनस्पती पसरल्या: एकच न फुटणारा दांडा, माथ्यावर बीजाणूंचा शंकू, उंची फार तर माणसाएवढी. आजच्या क्लबमॉस या ठेंगण्या, बीजाणूंनी वाढणाऱ्या वनस्पतींच्या या नातलगांनी उजाड जमीन धरली खरी, पण जंगलाचं काम त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. लाव्हा थांबल्यावरही ट्रायासिकच्या सुरुवातीची सुमारे ५० लाख वर्षं पृथ्वी भट्टीसारखी का तापलेली राहिली, हे कोडं जुनं आहे. झेन शू, बेंजामिन मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये जीवाश्मांच्या नोंदींवरून जंगलांचे नकाशे मांडून त्याचं उत्तर दिलं: कार्बन शोषून जमिनीत पुरणारी, मुळांनी खडक झिजवणारी जंगलं नाहीशी झाली, म्हणून हवेतला कार्बन उतरायला वाटच राहिली नाही. मला हे उत्तर पटतं. झाडं उष्णतेने मेली आणि झाडं नव्हती म्हणून उष्णता राहिली.

दोन्ही प्रसंगांत पृथ्वी तापली. पण बिगहॉर्नची झाडं गेली आणि परत आली, ग्लॉसॉप्टेरिस गेला तो गेलाच. किती तापलं यावर बरंच अवलंबून आहे. पर्मियनचा चढ जास्त मोठा होता. पण मला वाटतं, त्याहून महत्त्वाचं हे की झाडाला जायला जागा होती का आणि जायला वेळ होता का. गोंडवनाच्या दक्षिण टोकाला थंड, ओल्या दलदलीत सरावलेल्या झाडाने आणखी दक्षिणेला जायचं कुठे?

ताप सगळीकडे वाईटच ठरला, असंही नाही. कार्लोस हारामियो यांनी कोलंबिया आणि व्हेनेझुएलामधल्या खडकांतले परागकण मोजले, तेव्हा ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच तापात विषुववृत्ताजवळचं वर्षावन कोलमडलेलं नव्हतं. उलट सपुष्प वनस्पतींच्या नव्या जातींची भर पडली होती. तिथे पाऊस आटला नव्हता, हे त्याचं मोठं कारण. उत्तर ध्रुवाकडे तर इओसीनमध्ये जंगलं होती. कॅनडाच्या अ‍ॅक्सल हायबर्ग बेटावर मेटासिक्वोयाचे ४.५ कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे उभे आहेत. त्यांचा दगड झालेला नाही. करवतीने कापता येईल असं लाकूड आहे ते. हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नसे आणि तरी ही झाडं पानं गाळून, अंधार काढून, पुन्हा पालवत. जपानच्या शिगेरू मिकी यांनी १९४१ मध्ये जीवाश्मांवरून या झाडाला नाव दिलं, ते नामशेष समजून. काही वर्षांतच ते चीनमधल्या एका दुर्गम खोऱ्यात जिवंत सापडलं. एकेकाळी ध्रुवापर्यंत पसरलेलं झाड एका खोऱ्यापुरतं उरलं होतं.

झाडं जातात म्हणजे नेमकी कशी जातात, हे कळायला हिमयुगाचा शेवट बघावा लागतो. तो अगदी अलीकडचा, म्हणून त्याची पावलं मोजता येतात. तळ्यांच्या तळाशी दरवर्षी गाळ बसतो आणि त्यात आसपासच्या झाडांचे परागकण अडकतात. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये असे कण थरानुसार मोजून आलेख मांडले आणि जंगलांचा इतिहास वाचायची वाट उघडली. पुढे मार्गारेट डेव्हिस यांनी उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवरून दाखवलं की जंगल असं एकगठ्ठा सरकलंच नाही. प्रत्येक जात आपापल्या वेगाने, आपापल्या वाटेने गेली. मधल्या काळात तर आज कुठेच दिसणार नाहीत अशा सोबती जमल्या: स्प्रूससारखं थंडीचं झाड आणि उबदार हवेतला अ‍ॅश शेजारी शेजारी. आपण ज्याला अमुक जंगल म्हणतो, ती वाटेत भेटलेल्यांची तात्पुरती पंगत असते.

यातही एक गाठ होती. क्लेमंट रीड यांनी १८९९ मध्येच विचारलं होतं की ओकचं जड फळ झाडाखालीच पडतं, तर हिमयुगानंतर ओक ब्रिटनच्या उत्तरेपर्यंत पोचला कसा? नुसतं पडून-उगवून जायचं तर लाखो वर्षं लागली असती. त्याचं अर्धं उत्तर पक्षी आणि खारी. उरलेलं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत आनुवंशिक अभ्यासातून मिळत गेलं. काही झाडांची छोटी टोळकी बर्फाच्या बऱ्याच जवळ, एखाद्या आडोशाच्या दरीत टिकून होती आणि तिथूनच ती पसरली. म्हणजे झाडं आपल्याला वाटलं होतं तेवढी भरभर चाललेलीच नाहीत. काहींचा वेग वर्षाला १०० मीटरही नव्हता.

हा आकडा मला आजच्या काळाकडे बघताना सोडत नाही. ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या तापात, रिचर्ड झीबी आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या हिशोबानुसार, हवेत वर्षाला साधारण १ अब्ज टन कार्बन मिसळत होता. आज आपण जवळपास १० अब्ज टन मिसळतो. आणि बिगहॉर्नच्या झाडांना उत्तरेकडे जाताना ना महामार्ग आडवे आले, ना शेतं, ना शहरं.

फ्लोरिडात अपालाचिकोला नदीच्या काठावर टोरेया नावाचं एक सूचिपर्णी झाड आहे. अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हिमयुगात ते थंडीपासून दक्षिणेला सरकलं आणि हवा तापल्यावर त्याला परत जाता आलं नाही. बी मोठं, ते नेणार खारी, त्याही थोड्या अंतरावर. विसाव्या शतकाच्या मध्यावर बुरशीने त्याला घेरलं. आता हजाराच्या आतच झाडं उरली असतील आणि त्यातली बहुतेक बी धरण्याएवढी वाढतच नाहीत. २००८ मध्ये काही हौशी माणसांनी टोरेयाची रोपं उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरात नेऊन लावली. यावरून वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. रोपांबरोबर बुरशीही उत्तरेला गेली तर तिथल्या सूचिपर्णींना ती लागेल, हा आक्षेप रास्त आहे आणि रोपं तपासल्याशिवाय नेऊ नयेत हे मला पूर्ण मान्य आहे. पण लावूच नये, हे मान्य नाही. उत्तर कॅरोलायनातल्याच अ‍ॅशव्हिल गावातल्या एका जुन्या बागेत १९३९ मध्ये लावलेली टोरेयाची झाडं मूळ ठिकाणाहून शेकडो किलोमीटर उत्तरेला, तिथली थंडी सोसून वाढली आहेत, आणि त्यांना बी धरतं.